कुंदाताई, तुमची जुन्या नावांची फाइल

कुंदाताई, तुम्ही चुकत होतात असं मी अजूनही म्हणतो. तुम्हाला जाऊन जेमतेम पंधरवडा होतोय आणि हा पहिल्याच ओळीत भांडायला बसला, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. तुमच्या तेरवीला लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोलत होते की हे नेमकं कोणाबद्दल चाललंय, तेच मला कळेना. मायाळू काय, शांत काय! साकोलीच्या हायवेवरच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात की खाली तुमच्या यजमानांच्या, भाऊजींच्या दुकानात चप्पल पायात घालून बघणारं गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. भाऊजी त्याला सांगायचे, "काही नाही जी, कॉम्प्युटर शिकवून राहिली." ती शांत बाई मी कधी पाहिलीच नाही. मला आठवते ती ही, आणि हिच्याशीच मला बोलायचंय.

आपलं भांडण एका प्रोग्रामवरून होतं. धान खरेदी केंद्रांसाठी तुम्ही तो लिहिलात, तेव्हा मी तुमच्याच क्लासमध्ये टायपिंग शिकत होतो; पुढे तोच प्रोग्राम आपण दोघं मिळून सांभाळू लागलो. शेतकरी धान आणतो, काट्यावर धानाची पोती, म्हणजे कट्टे, चढतात, केंद्रावरचा माणूस आकडे भरतो आणि पावती निघते. एवढंच त्याचं काम. पण त्या पावतीवर जे वजन छापलं जातं तेच शेतकऱ्याचं धान. पावतीवर कमी आलं तर वर्षभराची मेहनत तेवढी कमी. हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत, आणि नंतर इतक्यांदा सांगितलंत की मी कानावर हात ठेवायचो.

प्रोग्राम पीएचपी नावाच्या कॉम्प्युटर-भाषेच्या फार जुन्या आवृत्तीत होता. ज्यांच्या सर्व्हरवर तो चालायचा त्यांनी यंदा शेवटचं कळवलं, की जुनी आवृत्ती दिवाळीनंतर बंद. आणि दिवाळी सरली की केंद्रं उघडतात. म्हणजे ऐन धानाच्या तोंडावर आपल्याला भाषेची जुनी आवृत्ती सोडून नवीवर जायचं होतं.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठल्याही भाषेबरोबर बरीच छोटी कामं तयार मिळतात, त्यांना फंक्शनं म्हणतात. ओळ तोडायची, यादीतलं पुढचं नाव घ्यायचं, डेटाबेसला प्रश्न विचारायचा. काही वर्षांनी भाषा बनवणाऱ्यांना त्यांतली काही नकोशी होतात. तेव्हा ते आधी जाहीर करतात की हे फंक्शन आता डेप्रिकेटेड. ते अजून चालतं, पण चालताना दर वेळी कुरकुरतं, की मला काढणार आहेत, माझ्याऐवजी दुसरं वापरा. मग एखाद्या मोठ्या आवृत्तीत ते खरंच नसतं आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. तुम्हाला या पद्धतीचं भारी कौतुक. "सांगून काढतेत, भले लोक आहेत," म्हणायचात. आणि मग स्वतःच त्या भल्या लोकांचे सगळे इशारे बंद करून ठेवायचात.

मी ते चालू केले तेव्हा पडदा ओळींनी भरून गेला. मी संतापलो. इतकी वर्षं ही भाषा सांगतेय आणि तुम्ही तिचं तोंड दाबून बसलात? तर तुमचं उत्तर तयार. "अरे, त्या इंग्रजी ओळी करडीच्या केंद्रावरच्या गजूभाऊले दिसल्या तं तो काटाच बंद करते. लोकं धान घेऊन उभे राहतेत. मंग तू जाशीन का समजवाले?"

मी आणखी जोरात बोललो.

खरी ठिणगी पुढे पडली. मला प्रोग्राममध्ये जिथे जिथे जुनं फंक्शन होतं तिथे तिथे जाऊन ते काढायचं होतं, नवं लिहायचं होतं. एकदाच काय तो त्रास. तुम्ही मात्र एक वेगळी फाइल केलीत. भाषेनं जी फंक्शनं काढून टाकली, त्याच नावांची फंक्शनं तुम्ही स्वतः त्या फाइलीत लिहिलीत. बाहेरून हाक जुन्या नावानं, आत काम नव्या पद्धतीनं. मूळ प्रोग्रामला हात लावायची गरज नाही. मी त्या फाइलीला ठिगळ म्हणालो. तुम्ही माझ्या पद्धतीला काय म्हणालात ते इथं लिहिता येत नाही.

"केंद्रं चार दिसांवर आली अन् तू अख्खं घर उकलून ठेवतो?" तुम्ही म्हणालात. "चालते तेवढं चालू दे ना."

"चालते चालते म्हणून तर इथवर आलो, ताई. तुमची ही फाइल अजून दहा वर्षं कोणी काढणार नाही."

"नाही काढन तं नाही काढन. तुले कायचा त्रास आहे?"

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, चिवड्याची ताटली मध्ये ठेवून, आपण कसाबसा तह केला. तुम्ही तुमच्या पद्धतीनं प्रोग्रामच्या शेवटाकडून यायचं, मी माझ्या पद्धतीनं सुरुवातीकडून. "तू तिकडून ये, मी इकडून. मधात भेटू," असं तुम्ही म्हणालात. म्हणताना जिना चढून आल्यासारखा दम लागला होता तुम्हाला, आणि आपण तर बसलेलो होतो.

तुमची लेक तेरवीला म्हणाली, आई सॉफ्टवेअरचे इशारे बंद करायची तसेच स्वतःचेही केले. लोकांनी माना डोलावल्या. मला राग आला. तिच्यावर नाही, ती बिचारी रडत होती. पण ते खरं नाही, ताई. भाषा इशारा देते तेव्हा पुढे काय होणार आणि त्याऐवजी काय करायचं, हेही सांगते. तुमच्या छातीनं असलं काही सांगितलं नाही. नुसता दम लागला, आणि तुमच्या वयाच्या अर्ध्या साकोलीला जिन्यावर दम लागतो. दवाखान्यात जा, असं मी एकदा म्हणालोही होतो. तुम्ही "केंद्रं सुरू होऊ दे" म्हणालात. माझ्यासकट सगळ्यांनीच ते ऐकून घेतलं, कारण केंद्रं सुरू होणार होती.

भाऊबीजेच्या नंतरच्या सकाळी तुम्ही गेलात. प्रोग्रामचा मधला भाग तसाच राहिला.

आता तुम्हाला आवडणार नाही असं थोडं बोलतो. मी पुण्याची नोकरी सोडून परत आलो तेव्हा गावात ज्यानं त्यानं विचारलं, काय झालं, काढलं का? घरचे दबक्या आवाजात बोलायचे. तुमच्याकडे आलो तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आला का? तो खिडकीजवळचा कॉम्प्युटर घे, त्याचा माऊस बरा आहे." बस. दुसरा प्रश्न नाही. त्या दिवशी मला किती सुटल्यासारखं वाटलं, हे मी तुम्हाला सांगणार होतो. दर वेळी काहीतरी भांडण निघायचं आणि ते राहून जायचं. तर ते आता सांगतो. त्या वाक्यानं मला उभं केलं, ताई.

आणि तुमची ती सवय. प्रोग्राममधलं एखादं जुनं बटण काढायचं असलं की तुम्ही आधी सगळ्या केंद्रांवर फोन करायचात, कोणी वापरतं का हे विचारायला. तिकडून उत्तर ठरलेलं, "नाही जी ताई, काढून टाका." तुमचा त्या उत्तरावर काडीचा विश्वास नसायचा. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन एसटीत बसायचात आणि त्या केंद्रावर एका कोपऱ्यात दिवसभर नुसत्या बघत बसायचात. हमखास कोणीतरी तेच बटण दाबायचं. मी हसायचो. पुण्यात आम्ही हे सगळं पडद्यावरच्या आकड्यांवरून ठरवायचो. इथं एक बाई पोळीभाजी घेऊन बटणाच्या पाळतीवर निघते!

तुमच्या अस्थी भंडाऱ्याला वैनगंगेत सोडल्या, ती सकाळ. त्याच संध्याकाळी जुना सर्व्हर बंद होणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रं उघडणार होती. मधे मी एकटा. मधल्या भागात कोसळतील अशी जी जी जुनी फंक्शनं सापडली ती मी घाईघाईनं तुमच्याच फाइलीतून भागवली होती. शिव्या घालत भागवली, पण दुसरं काही करायला वेळच नव्हता. तपासायच्या अवजारानं एकही इशारा दाखवला नाही. पडदा स्वच्छ. मी ठरवलं, आता साकोलीला जाऊन फोनवरूनच केंद्रांची चाचणी घ्यायची.

घाटावर भाऊजी ओल्या धोतरानं उभे होते. मी त्यांना सांगितलं, सगळं झालंय, चालतंय. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "कुंदा असती तं करडीले जाऊन बसली असती."

"भाऊजी, मी सगळं तपासलं आहे."

"हौ. तेबी तपासूनच जात होती."

नवरा बायकोच्या अस्थी सोडून उभा आहे आणि त्याच्याशी वाद कसा घालणार? मी करडीच्या एसटीत बसलो, पण रागानं. तुमच्यावरच्या रागानं. मेलात तरी मला एसटीत बसवलंत.

करडीच्या गोदामात गजूभाऊ एकटेच होते. काटा पुसून ठेवलेला, रिकाम्या पोत्यांचा बारदाना रचलेला. तुमचा विषय निघाला. मग त्यांनी स्वतःच्या घरचा एक कट्टा काट्यावर ठेवला. नाव भरलं, वजन भरलं, पावती काढली. काट्याहून पावतीवर वजन कमी.

"हे काहून कमी दाखवून राहिलं?" गजूभाऊ म्हणाले. मी पावती हातात घेऊन ओळ न् ओळ वाचली. ओलावा जास्त असलेल्या धानाला जी कपात लागते, ती कोरड्या धानाला लागली होती. पुन्हा काढली. पुन्हा तीच कपात. उद्या सकाळी इथे ट्रॅक्टरांची रांग लागणार, बाकीच्या केंद्रांवरही लागणार, आणि प्रत्येक शेतकऱ्याचं धान पावतीवर कमी भरणार. कोणाच्या लक्षात येईल, कोणाच्या येणार नाही. मागे फिरायचं तर जुना सर्व्हर संध्याकाळी बंद.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तुमची फाइल. म्हटलं, हे ठिगळच फाटलं! मी तिथंच बारदान्यावर लॅपटॉप उघडून बसलो आणि तुमची जुन्या नावांची फाइल वरून खाली वाचायला लागलो. मला तिच्यात चूक हवी होती, ताई. खरं सांगतो, फार हवी होती. तुमच्याशी चाललेलं भांडण जिंकायची ती शेवटची संधी होती. एकेक फंक्शन वाचत गेलो. प्रत्येक छोटं, स्वच्छ, नेमकं. जुनं फंक्शन यादी संपली की काय उत्तर द्यायचं, रिकामी यादी दिली तर काय करायचं, सगळं जसंच्या तसं सांभाळलेलं. ज्या फाइलीला मी ठिगळ म्हणत होतो ती मी तोवर नीट वाचलीच नव्हती. शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक सापडली नाही आणि मला तिथं, गजूभाऊंसमोर, रडू फुटलं. त्यांनी पाणी आणून दिलं आणि तोंड फिरवून बारदाना मोजायला लागले.

मग चूक कुठे? मी म्हटलं, "गजूभाऊ, आणखी एकदा भरा. हळू भरा." आणि मी त्यांच्या मागे उभा राहून नुसता बघत राहिलो.

नाव. गाव. वजन. मग रकाना आला, 'ओलावा जास्त'. ओलावा जास्त असेल तर एक टाकायचा, नसेल तर शून्य. गजूभाऊंनी तिथे आडवी रेघ टाकली.

"ही रेघ कायले मारता?"

"रिकामा रकाना ठेवत नाही जी कोणी. कागदावर होतं तईपासून. रिकामा ठेवला तं मागून कोणीबी आकडा भरते ना."

"मंग शून्य टाका ना!"

"शून्याले एक कराले किती येळ लागते?" त्यांनी हवेतच पेननं शून्याला शेपूट काढून दाखवलं. "सारे रेघच मारतेत."

आता सगळं समजलं. जुन्या आवृत्तीला रेघ आणि शून्य यांची तुलना करायला सांगितली की ती रेघेलाही शून्यच मानायची. नवी मानत नाही. रेघ म्हणजे रेघ, शून्य नव्हे. म्हणजे ओलावा जास्त. म्हणजे कपात. कुठलंही फंक्शन काढलेलं नव्हतं, म्हणून कुठला इशाराही आला नाही. काढलेल्या फंक्शनांवर आपण दोघं घसा फोडत राहिलो. ती निदान कोसळतात, दिसतात. हे बिनबोभाट वजन खात होतं, तेही नेमकं त्या मधल्या भागात, जिथं आपण दोघंही पोचलो नव्हतो.

माझी पद्धत होती सगळ्यांना फोन करून सांगायची, की उद्यापासून रेघ बंद, शून्य टाका. चूक लोकांची, लोकांनी सुधारावी. मी मोहाडीकडच्या एका केंद्राला फोन लावला. "हौ साहेब, हौ, शून्यच टाकतो," तो माणूस म्हणाला. मी फोन ठेवला. तो "हौ" मला ओळखीचा होता. असल्या "हौ"साठीच तुम्ही डबा भरून निघायचात.

नेट येत-जात होतं. मोबाइल गोदामाच्या दारात टेकवून ठेवला तरच गाडी पुढे सरकायची. मी नवं फंक्शन लिहिलं. रकान्यात रेघ आली, रिकामं आलं, नुसती मोकळी जागा आली, तरी शून्य समजायचं. मधल्या भागात जिथे जिथे तो रकाना वाचला जात होता तिथे तिथे ते लावत गेलो, आणि दर वेळी वाटायचं, एखादी जागा राहिली तर? गजूभाऊ दर थोड्या वेळानं येऊन विचारायचे, "झालं का?" आणि मी खेकसायचो. ऊन गोदामाच्या दारातून बाहेर सरकलं. शेवटी बदललेला प्रोग्राम सर्व्हरवर पाठवला. त्यांनी रेघ टाकली. काट्यावरचं आणि पावतीवरचं वजन एक. शून्य टाकलं, बरोबर. एक टाकला, कपात लागली. रिकामं ठेवायला सांगितलं तर म्हणाले, "ते माझ्यानं होत नाही, तुम्हीच करा." मी केलं. तेही बरोबर आलं.

ते फंक्शन मी कोणत्या फाइलीत ठेवलं, हे विचाराल. तुमच्याच. दुसरी जागा शोभली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच कोपऱ्यात बसून होतो. ट्रॅक्टर लागले. पहिल्या शेतकऱ्यानं पावती घेतली, काट्याकडे बघितलं, पावतीकडे बघितलं, घडी करून खिशात घातली आणि पुढे गेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. कोणी एक शब्द बोललं नाही. भाऊजींचा फोन आला. मी म्हटलं, चाललंय. ते म्हणाले, "बरं झालं." आणि मग, "तिले सांगतो." कोणाला सांगतील, कसं, ते मी विचारलं नाही.

तर आता तिढा असा आहे. त्या नव्या फंक्शनच्या डोक्यावर मी एक ओळ लिहून ठेवली आहे, की हे तात्पुरतं आहे, पुढच्या हंगामाआधी काढायचं. सोबत तुमची अख्खी फाइलही काढायची आणि प्रत्येक जागी नवं लिहायचं. माझं मत बदललेलं नाही. तुम्ही यावर काय काय म्हणाला असतात, ते मी मनात लिहून बघतो, पण जमत नाही. मी तुमच्या तोंडी घालतो ती वाक्यं फार लवकर हार मानतात. तुम्ही तशा नव्हतात. तुमच्याशी भांडताना मला दर वेळी माझाच प्रोग्राम पुन्हा वाचावा लागायचा, आणि वाचताना माझ्या चुका मलाच सापडायच्या.

पुढच्या वर्षी मी काढायचं म्हणालो तर ते निघेल. ठेवायचं म्हणालो तर राहील. ट्रॅक्टर पुन्हा रांगेत लागतील, लोक पावतीवर विश्वास ठेवून ती खिशात घालतील, आणि मी लिहिलेल्या ओळीला नाही म्हणणारं आता कोणी नाही. ताई, मला त्याचीच भीती वाटते.